हजरत अबू बकर यांनी खलिफा झाल्यावर कापडाचा धंदा का सोडला? मग घर कशावर चालायचं?

चाटीगल्ली_कापडवाला:

नमस्कार मंडळी. आमचं चाटी गल्लीत कापडाचं दुकान आहे, चादरी-टॉवेल होलसेल आणि थोडं रिटेल. परवा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा शेजारच्या दुकानातले चाचा येऊन बसले, विषय निघाला माझ्या चुलतभावाचा. तो मोहोळ तालुक्यात गावचा सरपंच झालाय आणि त्याचं स्वतःचं सिमेंट-सळईचं दुकान आहे गावातच. आता ग्रामपंचायतीची गटारीची कामं निघणार, शाळेची कंपाउंड वॉल निघणार, मग माल कुठनं घ्यायचा, गावात दुकान एकच, ते पण सरपंचाचं. घरात यावरनं दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते रेट बरोबर लावला तर काय हरकत आहे, दुसरी म्हणते नको बाबा.

तर चाचा म्हणाले, आमचे पहिले खलिफा हजरत अबू बकर हे पण कापडाचेच व्यापारी, तुमच्या-आमच्यासारखे, आणि खलिफा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर कापडं टाकून बाजाराला निघाले तर लोकांनी वाटेत अडवलं आणि धंदा बंद करायला लावला. मला ही गोष्ट एकदम मनाला लागली. मी इतिहास फक्त शाळेपुरता वाचलाय म्हणून विचारतो, हे खरंच असं झालं का? झालं तर का सोडायला लावला, सकाळी दोन तास दुकान करून बाकी दिवसभर राज्यकारभार केला तर काय बिघडतं? आणि पगार कोण देत होतं, किती? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

इतिहास_वाचतो_सोलापूर:

फार चांगला प्रश्न. मी कॉलेजात हा विषय शिकवलाय, मुलं इथेच सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची म्हणून जरा लांब लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा की मक्का हे शेतीचं गाव नव्हतंच. चारी बाजूंनी उघडे डोंगर, पाणी जेमतेम, तिथल्या कुरैश लोकांचं सगळं पोट तांड्यांवर, हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात शामकडे म्हणजे सीरियाकडे. त्यामुळे सुरुवातीचे जवळजवळ सगळे मोठे लोक व्यापारीच होते, स्वतः पैगंबर मुहंमद यांनीही तरुणपणी खदीजांचा माल घेऊन सीरियाची फेरी केलेली. अबू बकर कापडाचे व्यापारी, आणि नुसतं छोटं दुकान नाही, परंपरा सांगते की इस्लाम स्वीकारला तेव्हा त्यांच्याकडे 40,000 दिरहम होते आणि मदिनेला गेले तेव्हा त्यातले 5,000 उरलेले, बाकी गुलामांना विकत घेऊन मुक्त करण्यात आणि अशाच कामात गेले. बिलाल हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव.

आता तुमची गोष्ट. 632 साली पैगंबर गेले आणि अबू बकर यांची निवड झाली. चाचांनी सांगितलं तसंच जुन्या चरित्रांत आहे. सकाळी मानेवर कापडं टाकून बाजाराकडे निघाले, वाटेत उमर (हेच पुढे दुसरे खलिफा झाले) आणि अबू उबैदा हे पैगंबरांचे जवळचे साथीदार भेटले. कुठे निघालात? बाजारात. अहो, मुसलमानांचा सगळा कारभार तुमच्यावर आलाय आणि तुम्ही बाजारात काय करणार? यावर त्यांनी विचारलं, मग बायकापोरांना खाऊ काय घालू? तेव्हा ते दोघं म्हणाले चला, तुमचं काहीतरी ठरवून देतो. आणि ठरलं काय तर रोज अर्धी मेंढी आणि डोकं-अंग झाकण्यापुरतं कापड. बघा, जन्मभर कापड विकलेल्या माणसाला आता कापड सार्वजनिक पैशातून मोजून मिळणार.

दुसऱ्या एका वर्णनात आकडा पैशात आहे. आधी 2,000 दिरहम ठरले तर ते म्हणाले वाढवून द्या, माझं कुटुंब आहे आणि तुम्ही माझा धंदा बंद केलाय, मग 500 वाढवले. मला हा भाग फार आवडतो. त्यांनी मोठेपणा दाखवायला "मला काही नको" असं म्हटलं नाही, सरळ मागितलं. धंदा बंद केला तर घर चालवायची जबाबदारी लोकांची, हा हिशोब पहिल्या दिवसापासून उघड झाला.

आता तुमचा दोन तास दुकानाचा प्रश्न. गंमत अशी की एक वर्णन नेमकं असंच सांगतं की पहिले सहा महिने त्यांनी तसंच केलं. मदिनेच्या बाहेर सुन्ह म्हणून वस्ती होती तिथे राहायचे, तिथनं गावात यायचे, बाजारात खरेदी-विक्री करायचे, शेजारच्यांच्या बकऱ्यांचं दूध पण काढून द्यायचे. सहा महिन्यांनी मदिनेत राहायला आले आणि म्हणाले की लोकांचा कारभार आणि व्यापार एकत्र जमत नाही, या कामाला पूर्ण वेळच द्यावा लागतो. आणि काळ कसला होता बघा, अरबस्तानातल्या कितीतरी टोळ्या जकात (नाक्यावरची नव्हे, इस्लाममधला सक्तीचा दानाचा वाटा) द्यायला नाही म्हणत होत्या, बंड सुरू, इकडे इराक आणि सीरियाच्या हद्दीवर फौजा पाठवायच्या, त्यात माणूस गज मोजत बसला तर निर्णय कोण घेणार. त्यामुळे वेळ हे कारण तर होतंच. पण माझ्या मते खरं कारण वेगळं आहे, ज्याच्या हातात सत्ता त्याच्याशी बाजारात कुणी मोकळेपणानं भाव करू शकत नाही. ते पुढे उमर यांच्या काळात जास्त स्पष्ट दिसतं, त्यावर कुणीतरी लिहा, मी लय लिहिलं.

बेगमपेठ_वाचक:

सरांनी छान सांगितलं, शुक्रिया. थोडी भर घालतो, हे आमच्या घरात लहानपणापासून ऐकलंय आणि नंतर वाचलं पण.

हजरत अबू बकर दोन वर्षांनी म्हणजे 634 ला वारले. जाण्याआधी त्यांनी मुलगी हजरत आयशा यांना सांगितलं की मी बैतुलमालमधून म्हणजे सार्वजनिक खजिन्यातून जे घेतलं त्याच्या बदल्यात माझी अमुक जमीन देऊन टाका, आणि घरात सरकारी जे काय आहे ते पुढच्याकडे पोहोचवा. निघालं काय? एक दुभती उंटीण, एक गुलाम आणि अंगावर घ्यायचं एक कापड, त्याची किंमत पाच दिरहम पण नसेल. ते सगळं हजरत उमर यांच्याकडे नेलं तेव्हा ते रडले आणि म्हणाले की अबू बकर यांनी आपल्या मागून येणाऱ्यांना दमवून सोडलं. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो तेव्हा थांबतो, कारण पाच दिरहमचं कापड कोण परत मागायला येणार होतं? कुणीच नाही. तरी दिलं.

हजरत उमर पण व्यापारीच. खलिफा झाल्यावर त्यांनी लोकांना विचारलं की माझ्यासाठी यातलं किती योग्य आहे. मग ठरलं दोन कपडे, एक उन्हाळ्याचा एक हिवाळ्याचा, हज-उमऱ्याला जायला जनावर, आणि कुरैशमधल्या मध्यम माणसाचं जेवण, श्रीमंताचं नाही आणि गरिबाचं पण नाही. ते म्हणायचे या पैशाशी माझं नातं अनाथाच्या पालकासारखं आहे, गरज नसेल तर हात लावायचा नाही, असेल तर रीतीप्रमाणे घ्यायचं. कुरआनमध्ये अनाथांच्या मालाबद्दल हाच नियम आहे (सूरह निसा, आयत 6), तो त्यांनी स्वतःला लावून घेतला.

आता सरपंचसाहेबांच्या कामाची गोष्ट सांगतो, ही खरी ऐकण्यासारखी आहे. हजरत उमर यांची दोन मुलं, अब्दुल्ला आणि उबैदुल्ला, फौजेबरोबर इराकला गेलेली. परत येताना बसऱ्यात सुभेदार होते अबू मूसा अशअरी, त्यांनी मोठ्या प्रेमानं स्वागत केलं आणि म्हणाले तुमच्या काही उपयोगी पडता आलं तर बरं वाटेल, मग आठवलं, म्हणाले माझ्याकडे मदिनेला पाठवायचे सरकारी पैसे आहेत, ते तुम्हाला उसने देतो, तुम्ही इथला इराकचा माल घ्या, मदिनेत विका, मूळ रक्कम वडिलांकडे भरा आणि नफा तुम्ही ठेवा. वर एक पत्र पण लिहून दिलं की यांच्याकडनं एवढी रक्कम घ्यावी. सगळं कागदावर, कुठं लपवाछपवी नाही. मुलांनी माल विकला, चांगला नफा झाला, मूळ रक्कम घेऊन वडिलांकडे गेले. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, फौजेतल्या प्रत्येकाला त्यानं असे पैसे उसने दिले का? नाही म्हणाले. मग म्हणाले, खलिफाचे पोरगे म्हणून दिले! मूळ रक्कम आणि नफा दोन्ही भरा.

अब्दुल्ला गप्प बसले. उबैदुल्ला बोलले आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, की वाटेत माल बुडाला असता तर भरपाई आम्हीच केली असती ना, मग नफा आमचा का नाही? उमर यांनी परत तेच सांगितलं, भरा. शेवटी बसलेल्या लोकांतला एक जण म्हणाला, याला भागीदारी धरा, भांडवल एकाचं आणि मेहनत दुसऱ्याची तशी. ते मान्य झालं. मूळ रक्कम आणि अर्धा नफा खजिन्यात, अर्धा नफा मुलांना.

मला यात महत्त्वाचं काय वाटतं सांगू, चोरी झालेलीच नव्हती. पैसे परत आले, पत्र होतं, धोका मुलांनी घेतला होता. तरी प्रश्न हा होता की ही संधी तुम्हालाच का मिळाली.

पुरावा_दाखवा:

गोष्टी सुंदर आहेत, वाद नाही. पण एक विचारतो, राग मानू नका. हे सगळं लिहिलं गेलं कधी? अबू बकर 634 ला गेले. अर्ध्या मेंढीची गोष्ट ज्या इब्न सअद यांच्या ग्रंथात आहे ते वारले 845 ला, म्हणजे दोनशे वर्षांचं अंतर. मधल्या काळात उमय्या घराणं आलं, राजवाडे झाले, मग अब्बासी आले, त्यांचे आणखी मोठे. अशा वेळी लोकांना आधीचे राज्यकर्ते साधे होते हे सांगायची गरज वाटणारच. आणि वरच दोन वर्णनं जुळत नाहीत, एकात दुसऱ्या दिवशी धंदा बंद आणि एकात सहा महिने चालू. पगार पण एकदा मेंढी, एकदा 2,500. मग नेमकं धरायचं काय?

दुसरं, तिसरे खलिफा उस्मान हे तर सगळ्यात श्रीमंत व्यापारी होते ना. त्यांच्यावर तर टीका झाली. मग हा नियम होता की दोन माणसांचा स्वभाव?

इतिहास_वाचतो_सोलापूर:

मुद्दा बरोबर आहे आणि राग कशाला. तपशिलात फरक आहेत ते मान्यच, कुणी मला मेंढी अर्धी होती हे शपथेवर सांग म्हटलं तर मी सांगणार नाही. पण वेगवेगळ्या वाटांनी आलेली वर्णनं कुठे जुळतात ते बघायचं. सगळीकडे तीन गोष्टी आहेत: व्यापार होता, तो बंद झाला, आणि त्याबदल्यात खजिन्यातून ठराविक रक्कम मिळाली जी त्यांनी स्वतः ठरवली नाही, दुसऱ्यांनी ठरवली. बुखारींच्या हदीस संग्रहात (हदीस म्हणजे पैगंबर आणि साथीदारांबद्दलच्या आठवणी) आयशा यांच्याकडून आलेलं अबू बकर यांचं वाक्य आहे त्याचा आशय असा, की माझा धंदा घर चालवायला कमी पडत नव्हता हे माझ्या लोकांना माहीत आहे, आता मी मुसलमानांच्या कामात अडकलोय तर माझं घर या पैशातून खाईल आणि मी त्यांच्यासाठी काम करीन. यात मेंढी नाही, आकडा नाही, बाजाराचा प्रसंगपण नाही, पण व्यवहार तोच. आणि मुलांच्या नफ्याची गोष्ट तर मदिनेतल्याच इमाम मालिक यांच्या संग्रहात आहे, ते 795 ला वारले, आणि ती तिथे साधेपणाच्या कौतुकासाठी आलेलीच नाही, भागीदारीचा कायदा सांगताना दाखला म्हणून आलीय. कायद्याचा माणूस गोष्ट सांगतो तेव्हा त्याचं लक्ष भावनेपेक्षा हिशोबाकडे असतं.

उस्मान यांचं म्हणाल तर त्यांनी खजिन्यातून पगार घेतला नाही असंच सांगतात, स्वतःचं भरपूर होतं. त्यांच्यावरची तक्रार श्रीमंतीची नव्हती, नातेवाईकांना मोठ्या सुभ्यांवर नेमलं आणि देणग्या दिल्या ही होती, आणि 656 ला त्यांची हत्या झाली तेव्हा बंडखोरांच्या तोंडी हेच होतं. म्हणजे माणूस पगार न घेता पण अडचणीत येऊ शकतो. म्हणून मला "पगार नको, सेवा म्हणून करतो" म्हणणाऱ्यापेक्षा उघड पगार घेऊन धंदा बंद ठेवणारा जास्त बरा वाटतो.

आणि स्वभावाचाच प्रश्न नव्हता याला आणखी एक आधार. उमर सुभेदार नेमताना त्याच्या मालमत्तेची नोंद करून ठेवायचे, नंतर वाढ जास्त दिसली तर अर्धी जप्त करायचे. सुभेदार म्हणायचे घोडे व्याले, व्यापारात नफा झाला, तरी ऐकायचे नाहीत. काहींवर त्यात अन्याय पण झाला असेल, कारण खरंच घोडे व्याले असतील. पण पद्धत ती होती.

निवृत्त_ग्रामसेवक:

वाचून बरं वाटलं म्हणून लिहितो. नोकरीत असताना उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा सगळं फिरलोय. मूळ प्रश्न विचारणाऱ्या भाऊंना कायद्याचं सांगतो कारण भावनेपेक्षा ते आधी बघा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958, कलम 14, त्यात अपात्रतेची कारणं दिलेली आहेत. पंचायतीच्या कामात किंवा करारात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत हिस्सा किंवा हितसंबंध असेल तर सदस्यपद जातं. तक्रार झाली तर निर्णय कलेक्टर देतात. रेट बरोबर होता, माल चांगला होता, हे सांगून उपयोग होत नाही, तो प्रश्नच तिथे विचारला जात नाही. मी स्वतः असे सरपंच बघितलेत की ज्यांचा माल एक नंबर होता आणि पद गेलं.

आणि आम्हा सरकारी नोकरांना तर 1979 च्या वर्तणूक नियमांनी खाजगी धंदा बंदच आहे. म्हणजे अबू बकर यांनी जे केलं तेच, धंदा सोडा, पगार घ्या. इंग्रजांना हे समजायला पण वेळ लागला, कंपनीचे साहेब लोक पगार नाममात्र आणि स्वतःचा व्यापार जोरात असे होते, बंगाल धुऊन काढला त्यांनी. मग गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसनं कलेक्टरला महिना 1,500 रुपये पगार आणि वसुलीवर कमिशन दिलं आणि खाजगी व्यापार बंद केला. पगार वाढवल्याशिवाय बंदी टिकत नाही हे त्याला कळलं होतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर अहिल्याबाई होळकर, ज्यांचं नाव आपल्या सोलापूर विद्यापीठाला आहे. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, देशभर घाट-मंदिरं बांधली त्याचा खर्च खासगीतून. दोन वह्या कधी एक होऊ दिल्या नाहीत.

चाटीगल्ली_कापडवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, चाचांना पण वाचून दाखवलं, मुलांच्या नफ्याच्या गोष्टीला ते मान हलवत होते. एक शेवटचं विचारतो. भावाच्या घरात आता असं चाललंय की दुकान वहिनीच्या नाहीतर काकांच्या नावावर करायचं, म्हणजे कागदावर सरपंचाचा संबंध नाही. आणि तो म्हणतो की मी स्वतः कुणाला सांगणार पण नाही माझ्याकडनंच घ्या म्हणून. मग तर चालेल ना?

बेगमपेठ_वाचक:

भाऊ, यावर पण एक गोष्ट आहे. हजरत उमर यांचे तेच सुपुत्र अब्दुल्ला, त्यांनी स्वतःच्या पैशातून उंट घेतले आणि सरकारी राखीव कुरणात चरायला सोडले, जिथे बाकीच्यांची पण जनावरं चरायची. धष्टपुष्ट झाल्यावर बाजारात आणले. उमर यांनी बघितलं, विचारलं हे कुणाचे एवढे गुबगुबीत उंट? अब्दुल्लांचे. बोलावलं. ते म्हणाले मी विकत घेतले, सगळ्यांसारखे चारले. उमर म्हणाले, हो, आणि कुरणात लोक म्हणत असतील खलिफाच्या पोराच्या उंटाला आधी चरू द्या, खलिफाच्या पोराच्या उंटाला आधी पाणी पाजा. तुझी मूळ किंमत घे, वरचं खजिन्यात टाक. आता बघा, अब्दुल्लांनी कुणाला एक शब्द सांगितला नव्हता. सांगावं लागतच नाही हाच तर प्रश्न आहे. तुमच्या भावानं पण कुणाला सांगायची गरज नाही, ठेकेदार आपणहून त्याच दुकानात येणार, नाव वहिनीचं असलं तरी.

इतिहास_वाचतो_सोलापूर:

हेच पुढे उमर बिन अब्दुल अझीझ (हे वेगळे उमर, उमय्या घराण्यातले, खलिफा 717 ते 720) यांनी आपल्या अंमलदारांना लिहून कळवलं होतं, की ज्या भागात तुमचा अंमल त्या भागात व्यापार करायचा नाही, कारण अंमलदार व्यापार करायला लागला की मनात नसलं तरी चांगलं ते स्वतःकडे ओढतो आणि लोकांना त्रास होतो. "मनात नसलं तरी" हे त्यांनी तेव्हा लिहिलंय.

आणि 1377 साली इतिहासकार इब्न खलदून यांनी तर याचं पूर्ण अर्थशास्त्र मांडलं, राज्यकर्त्याचा व्यापार प्रजेला मारक आणि करवसुलीचं नुकसान करणारा या विषयावर वेगळं प्रकरणच आहे. त्यांचं म्हणणं, व्यापारी साधारण सारख्या ताकदीचे असतात म्हणून स्पर्धा होते, पण त्यात सुलतान उतरला की त्याच्यापुढे बोली कोण लावणार, तो स्वस्तात उचलतो, मग तोच माल चढ्या भावानं व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारतो, ते बाजार पडला की तोट्यात विकतात, असं दोन-चार वेळा झालं की भांडवल संपतं आणि दुकान बंद. आणि सरकारचा कर तर याच लोकांकडून येतो, त्यामुळे सुलतानाला व्यापारात मिळतं थोडं आणि करात जातं जास्त. तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला हे जास्त कळेल. गावात आज दुकान एक आहे म्हणता, सरपंचाचं दुकान पंचायतीला माल द्यायला लागलं तर दुसरं दुकान तिथे निघणारच नाही.

निवृत्त_ग्रामसेवक:

नाव बदलायच्या भानगडीत पडू नका हे माझं स्पष्ट मत. "अप्रत्यक्ष" हा शब्द कलमात उगाच घातलेला नाही. भावाला सांगा, पाच वर्षं पंचायतीच्या कामाला एक पोतं पण द्यायचं नाही, मोहोळहून माल येऊ दे, भाडं थोडं जास्त बसेल ते बसू दे, आणि हे मासिक सभेत बोलून प्रोसिडिंगला लिहून घ्यायला लावा. गावातल्या बाकी गिऱ्हाइकाला विकायला कुणाची ना नाही. तरी कोटेशन निघायच्या आधी एकदा सोलापुरात पंचायतीची कामं बघणाऱ्या चांगल्या वकिलाला भेटून या, कलमाची प्रत बरोबर न्या.

चाटीगल्ली_कापडवाला:

रविवारी गावी चाललोय, हे सगळं मोबाईलवर त्याला वाचायला देतो. चाचा म्हणाले मी पण येतो.